काठावरची जागा

लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, "नवीन आलात का इथे?" मी चौथ्या मजल्यावर सहा वर्षं राहतोय. त्या बाईंचा कुत्रा लंगडत होता तेव्हापासून मी त्यांना ओळखतो. तो कुत्रा मेला, मग दुसरा आला, तोही आता म्हातारा झालाय. मी "हो" म्हणालो. का म्हणालो हे मला आजही नीट सांगता येणार नाही. 'नाही' म्हटलं असतं तर त्या ओशाळल्या असत्या, मग मला हसावं लागलं असतं, आणि चार मजल्यांत ते सगळं उरकणं कठीण होतं. मी हो म्हटल्यावर त्यांना भलताच हुरूप आला. तळघरातलं मधलं कपडे धुण्याचं मशीन मोजे गिळतं, ते वापरू नका. कचरा मंगळवारी बाहेर ठेवायचा. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस सॅक्सोफोन वाजवतो, पण स्वभावानं चांगला आहे. कचरा दोन वर्षांपासून बुधवारी जातो हे मी त्यांना सांगू शकलो असतो, पण नवीन माणसाला ते कुठून माहीत असणार? "कुठून आलात?" त्यांनी विचारलं. "वरून, डोंगरातून," मी म्हणालो. "रुळाल हळूहळू," त्या म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले, घरात आलो आणि अंगातला कोटही न काढता खुर्चीवर बसून राहिलो.

खरं तर यात एवढं लागण्यासारखं काही नव्हतं. पिट्सबर्गसारख्या शहरात कोण कोणाकडे बघतं? शिवाय माझं कामच न दिसण्याचं आहे. मी एका संग्रहालयात पहारेकरी आहे. पेंढा भरलेल्या रानगव्यांच्या दालनात आठ तास उभा असतो. लोक गव्यांकडे बघतात, मग माझ्याकडे बघून प्रसाधनगृह कुठे आहे ते विचारतात. एकदा एका म्हातारीनं मी खरा आहे का हे पाहायला माझ्या दंडाला बोट लावलं होतं. तेव्हा मी हसलो होतो, आणि संध्याकाळी ही गंमत कोणाला तरी सांगायची म्हणून घरी येईपर्यंत मनात घोळवत आणली होती. दार उघडल्यावर लक्षात आलं की सांगायला कोणी नाही. माझी बायको जोआन मला सोडून गेली त्याला आता चौदा वर्षं झाली, ती ऍरिझोनात असते, आणि अशा गमती तिला तेव्हाही आवडत नसत. पण त्या दिवशीचं वेगळं होतं. कोट घालून बसल्या बसल्या मी हिशेब करायला लागलो की मला नावानं हाक मारणारं माणूस शेवटचं कधी भेटलं. कामावर सगळे आडनावानं बोलवतात. डॉक्टरकडची मुलगी कागदावरचं वाचून हाक मारते, ते धरायचं की नाही, यावर माझं बराच वेळ ठरेना. मग आठवलं की गावाकडचा माझा दोस्त लॉयड मारतो. मारायचा. आणि त्याचबरोबर हेही आठवलं की या वर्षी लॉयडचा फोन आलेला नाही.

लॉयडचा फोन मार्चच्या शेवटच्या रविवारी यायचा. आमच्याकडे ट्राउट मासे धरण्याचा मोसम एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठला उघडतो, आणि त्याआधीच्या रविवारी लॉयड पुलाखाली जाऊन पाणी बघून यायचा. फोनवर तो 'कसा आहेस' वगैरे काही विचारत नसे. "गुडघ्यावर एक वीत," तो म्हणायचा, "रंग फिक्या चहाचा. मोठ्या खडकामागे माशांचा ट्रक रिकामा केलाय परवा. सोनेरी पण आहेत दोन-तीन." एवढंच, आणि मग तो वाट बघायचा. मी पहिल्या वर्षी म्हणालो, मला सुट्टी नाही. ते खरं होतं. दुसऱ्या वर्षी म्हणालो, पाठ धरलीय. ते अर्धं खरं होतं. तिसऱ्या वर्षी नुसतं "बघतो" म्हणालो, त्यावर तो म्हणाला, "बघ, बघ. नदी कुठं पळून जातेय." चौथ्या वर्षीपासून मी उचलायचं सोडलं. फोनवर त्याचं नाव उजळायचं, मी ताटापुढे बसून ते वाजू द्यायचो आणि बंद झालं की जेवायला लागायचो. तो निरोप ठेवत नसे, पाण्याखेरीज त्याला सांगायचं काही नसेच. या वर्षी त्या रविवारी मी फोन मुद्दाम ताटाशेजारी ठेवला होता. वाजला की उचलायचा नाही, असं ठरवून. तो वाजला नाही. तेव्हा मी स्वतःला म्हटलं, सुटलो. पण गुरुवारी लिफ्टमधून वर आल्यावर मला त्याचा राग आला. चांगलाच राग आला. म्हटलं, तूसुद्धा विसरलास ना मला, लेका.

मी का उचलत नव्हतो ते सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं सोंग वाटेल. खोऱ्यातली लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा मी तिथून निघालो, पण निघालो तो मोठ्या तोंडानं. गावातल्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये न्याहारीला सगळ्यांसमोर म्हणालो होतो की इथं आता राहिलंय काय, म्हातारे आणि हरणं. म्हणालो होतो की शहरात मी वर्षभरात स्वतःचं दुकान टाकतो की नाही बघा. लॉयड तेव्हा माझ्या शेजारी बसला होता. तो धिरडी खात होता, काळसर पिठाची, जाड, वर सॉसेज, आमच्याकडे मिळतात तशी. बायकोचं नाव घेऊन तो एवढंच म्हणाला, "मर्ना विचारत होती, तुझा फ्रिज घेऊन जाणार का इथंच ठेवणार." दुकान झालं नाही, मी रानगव्यांचा पहारेकरी झालो. नदीवर गेलो असतो तर कोणी मला काही विचारलं नसतं, तीच तर पंचाईत होती. त्यांचं ते न विचारणं मला सोसलं नसतं. शरमेला वय नसतं हे मला साठीत कळलं, आणि कळून काही फायदा झाला नाही.

पण त्या शुक्रवारी मी सुट्टी टाकली, पलंगाखालून मासे धरायची काठी काढली, तिच्या रिळाला तेल दिलं आणि शनिवारी पहाटे गाडी काढली. लॉयडला फोन करावा असं एकदाही मनात आलं नाही. मला त्याला पकडायचं होतं. तो पाण्यात उभा असेल आणि मी मागून जाऊन म्हणेन, "काय म्हाताऱ्या, या वर्षी पाण्याला रंगच नव्हता वाटतं?" हे वाक्य मी तीन तासांच्या रस्त्यात निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिलं. डोंगर लागल्यावर खिडकी खाली केली. हेमलॉकच्या झाडांच्या सावलीत अजून मळक्या बर्फाचे तुकडे होते, आणि जिथे ऊन येतं तिथे रस्त्याच्या कडेला ती बुटकी पिवळी फुलं उमलली होती. गावात शिरल्यावर हॉलपुढे गाड्यांची रांग होती, दारातून वाफ आणि सॉसेजचा वास बाहेर येत होता. एरवी मोसमाच्या पहिल्या दिवशी तिथं खाल्ल्याशिवाय कोणी नदीवर जात नाही. मी मात्र थांबलो नाही. तिथं गेलो असतो तर सगळ्यांनी मला एकेकट्यानं बघितलं असतं, आणि मला एकदम, काठावर, माझ्या जागेवर उभा असलेला दिसायचं होतं. मी थांबलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. दारातच कोणीतरी सांगितलं असतं.

पुलाखालचा काठ म्हणजे जेमतेम साठ पावलांचा. ट्रक पुलापर्यंतच येऊ शकतो, म्हणून मासे पुलापाशीच सोडतात, आणि ते मासे आठवडाभर तिथून हलत नाहीत. मत्स्यपैदास केंद्राच्या सिमेंटच्या हौदात वाढलेले. त्यांच्या पंखांच्या कडा घासून बोथट झालेल्या असतात. माणसाची सावली पाण्यावर पडली की रानातला मासा पळतो, हे उलटे जवळ येतात, कारण सावली आली की खाणं पडतं एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. "यांना नदी कुठं माहीत आहे," लॉयड म्हणायचा, "यांना हात माहीत आहे." पूर्वी आम्ही दोघं स्वयंसेवक म्हणून बादल्यांतून हे मासे नेऊन वरच्या डोहांत सोडायचो, म्हणजे सगळेच एका जागी घोळका करून मरू नयेत. एका बादलीत वीस-बावीस. बर्फाळ पाणी बुटात जायचं आणि लॉयड प्रत्येक बादली ओतताना माशांना म्हणायचा, "जा रे बाबांनो, फिरा जरा, जग बघा." ते तिथेच उभे राहायचे. शहरात राहायला आल्यावर मला पहिल्या हिवाळ्यात हे फार आठवायचं, आणि मग माझा मलाच राग यायचा, कारण माणसानं स्वतःची तुलना माशाशी करावी इतकं माझं काही बिघडलेलं नव्हतं.

तर त्या साठ पावलांच्या काठावर पहिल्या दिवशी माणसाला माणूस खेटून उभं असतं, आणि तरीही तिथे भांडण होत नाही, कारण ज्याची त्याची जागा ठरलेली आहे. कुठं लिहिलेली नाही. कोणी बादली उपडी घालून ठेवतं, कोणी घडीची खुर्ची, पण ते बाहेरच्यांसाठी. आम्हाला ते लागत नाही. पुलाच्या खांबाशी ऑरिन क्लिंगर, तो आता चौऱ्याऐंशीचा आहे. मग सपाट खडकाला लागून लॉयड. मग वाकड्या बर्चच्या झाडापाशी मी. चौतीस वर्षं याच क्रमानं. मी उतारावरून खाली आलो तेव्हा साडेसहा वाजले असतील, नुकतं दिसायला लागलं होतं. काठ भरलेला होता. पाण्यावरून वाफ निघत होती आणि सगळे काठ्या उभ्या धरून गप्प होते. आणि त्या खेटून उभ्या असलेल्या रांगेत, सपाट खडकापाशी, दोन हातांची मोकळी जागा होती.

मी उतारावरच थांबून ती जागा दोनदा बघितली, हे कबूल करायला मला लाज नाही. बर्चपाशी एक बाई उभी होती, ओहायोच्या संघाची टोपी घातलेली. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. पण मी म्हटलं, सहा वर्षांत माणसं थोडी इकडची तिकडे होणारच. बर्च तर बर्च, खडक तर खडक. त्यांनी जागा ठेवली आहे. लॉयड अजून आला नाही, तो येऊन बाजूला कुठेतरी मावेल. पण माझी जागा माझ्यासाठी ठेवली आहे, सहा वर्षं, दर वर्षी. असं मी खरोखर मानलं. ज्याला त्याच्याच लिफ्टमध्ये कोणी ओळखत नाही अशा माणसाला भलतं काय काय मानता येतं! मी पाण्यात उतरून त्या जागेत जाऊन उभा राहिलो. ऑरिननं माझ्याकडे पाहिलं. मग तो अर्धं पाऊल खांबाकडे सरकला, मला नीट जागा व्हावी म्हणून. पलीकडच्या बाईनंही काठी दुसऱ्या हातात घेतली. रांगेतून एक कुजबूज वरपर्यंत गेली आणि परत आली. दोन-तीन जणांनी माझ्याकडे बघून टोपीला हात लावला. मी मान हलवली. मला वाटलं, हे सगळे मला ओळखतायत. आणि ते ओळखतच होते, तेवढं खरं होतं.

"हार्लन," ऑरिन म्हणाला. नुसतं नाव.

"ऑरिन, अजून जिवंत आहेस?" मी म्हणालो. आमच्यात असंच बोलतात.

"मी आहे," तो म्हणाला.

मला त्याच्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. मी इतका आनंदात होतो की माझा आवाज चढला होता. रस्ताभर घोटलेलं वाक्य लॉयड नसल्यामुळे वाया जात होतं, तेव्हा मी दुसरं काढलं. "आणि आमचा साहेब कुठाय?" मी सगळ्या काठाला ऐकू जाईल असं म्हणालो. "लॉयडला अजून पांघरूण सोडवत नाही वाटतं. मर्नाला म्हणावं, बादलीभर गार पाणी ओत त्याच्यावर, उठेल आपोआप."

कोणी हसलं नाही. मग ऑरिन हसला, एकटाच, खांदे हलवून, आणि हसता हसता त्यानं हातमोज्याच्या पाठीनं डोळे पुसले. गारठ्यानं त्याच्या डोळ्यांना नेहमीच पाणी येतं. खालच्या बाजूच्या कोणीतरी टोपी काढून छातीशी धरली आणि पुन्हा घातली. "तू काही बदलला नाहीस," ऑरिन म्हणाला. मी म्हणालो, "बदलून जातो कुठं?" आणि पिशवीतून अळ्यांची डबी शोधायला लागलो. ती मी शहरात विसरून आलो होतो. डब्यातले मक्याचे दाणे तेवढे होते. मी एक दाणा पहिल्याच झटक्यात गळाला टोचला आणि त्याचं मला कौतुक वाटलं. आज हे सगळं आठवलं की मला जमिनीत जावंसं वाटतं. एखाद्यानं तेव्हाच माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

पावणेआठच्या सुमाराला मर्ना उतारावरून खाली आली. तिला मी चालीवरून ओळखलं. ती डाव्या पायावर जरा जास्त भार देते. अंगात लॉयडचा चौकड्यांचा जाड सदरा होता, बाह्या दुमडलेल्या. माझ्या मागे काठावर येऊन ती थांबली. मी वळलो आणि तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आलास. मला वाटलं नव्हतं तू येशील. कळवलं असेलच कोणीतरी, तरी मंगळवारी नाही आलास, तेव्हा मी म्हटलं, गेला हा आता."

"मंगळवारी काय होतं?" मी विचारलं.

"त्याला मंगळवारी माती दिली ना," मर्ना म्हणाली. "जानेवारीत कुदळ लागत नव्हती जमिनीला. ठेवावं लागलं त्याला तीन महिने तिकडे कबरस्तानाच्या शेडमध्ये. मला तर झोपच यायची नाही, हा तिथं गारठत असेल म्हणून. मूर्खपणा, माहितीय मला." तिनं माझ्या काठीकडे पाहिलं. "मक्याचा दाणा लावलायस? तो हसला असता."

आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. वर्षभरात जो गेला असेल त्याची जागा मोसमाच्या पहिल्या दिवशी मोकळी ठेवतात, दोन हात. घरचं कोणी, किंवा घरचं मासे धरणारं नसेल तर त्याच्या सगळ्यात जवळचा माणूस, त्या जागेत येऊन उभा राहिला तर राहतो, नाहीतर ती दिवसभर तशीच राहते. आणि कोणी उभा राहिला तर आठ वाजता पहिला गळ त्याचा. तो टाकेपर्यंत काठावर दुसरं कोणी टाकत नाही. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. लॉयडचा बाप गेला त्या वर्षी लॉयड असाच उभा राहिला होता आणि मी शेजारी उभा राहून त्याच्या हाताकडे बघत होतो. मला सगळं माहीत होतं. तरी मोकळी जागा दिसल्यावर ती माझ्यासाठी ठेवलेली आहे, याखेरीज दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही. कोणी मेलं असेल असं आलं नाही. लॉयड मेला असेल असं तर नाहीच. म्हणजे गेला तास-सव्वातास सगळा काठ मला लॉयडचा माणूस समजत होता. मर्नानं मला पाठवलंय, किंवा मी स्वतःच कर्तव्य म्हणून आलोय, आणि दुःख लपवायला मोठ्यानं थट्टा करतोय, असं त्यांना वाटलं होतं. म्हणून टोप्या, म्हणून ते सरकणं.

"जानेवारीत कधी?" मी विचारलं. मला वाटतं मी हेच विचारलं.

"अकराला. छातीत पाणी भरत होतं त्याच्या सारखं, काढलं की पुन्हा. घरीच होता शेवटी."

तोवर मला त्या फोनची आठवणसुद्धा नव्हती, पण त्या क्षणी आठवलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मी सूप गरम करत होतो आणि फोनवर लॉयडचं नाव उजळलं. मी म्हटलं, हा काय मार्च आहे? काय हवंय याला? बहुतेक फ्रिजचं काहीतरी असेल, तो अजून त्यांच्याच गॅरेजात होता. वाजून बंद झाला. पाच मिनिटांत पुन्हा वाजला. मी चमच्यानं सूप ढवळत राहिलो आणि आवाज त्रास देतो म्हणून फोन उशीखाली ठेवून आलो. एवढं मी केलं होतं. उशीखाली वाजताना त्याचा आवाज कसा येत होता तेही मला आठवलं, आणि ते सूप टोमॅटोचं होतं हेही. संध्याकाळचे सहा वाजले होते. मला दुसरं काहीही काम नव्हतं.

ऑरिननं बाही वर सारून घड्याळ पाहिलं. काठावर ऑरिनचं घड्याळ चालतं. सरकारचे आठ कधीही वाजोत, त्याचे वाजल्याशिवाय कोणी हलत नाही. "आठ," तो म्हणाला. रांगेतल्या सगळ्या काठ्या थोड्या मागे झुकल्या आणि तशाच थांबल्या. माझ्यासाठी. पुलावर बघे उभे होते, तेही गप्प झाले. ओहायोच्या त्या बाईलाही कोणीतरी सांगितलं असणार, तिनंही काठी धरून ठेवली होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, सभ्यपणानं. पाण्यात खडकामागे मासे दिसत होते, पन्नास-साठ, एकाच दिशेला तोंड करून.

टाकता आला असता मला गळ. कोणाला काही कळलं नसतं. मर्नालाही नाही. लोक म्हणाले असते, हार्लन आला होता, लॉयडच्या जागी उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी मला त्या काठावर जागा मिळाली असती. जागा मिळणं म्हणजे काय हे मला त्या शहरात सहा वर्षं राहून कळलं होतं. मला ती हवी होती. इतकी हवी होती की मी काठी मागे घेतलीसुद्धा. मग माझा हात वरच राहिला.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. पहिल्यांदा ते कोणाला ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा म्हणालो. "मर्ना, तो गेलाय हे मला आत्ता कळलं. तू सांगितलंस तेव्हा. मला वाटलं ही जागा माझ्यासाठी ठेवलीय." कोणीतरी खाकरलं. मी थांबलो असतो तर पुढचं निघालं नसतं, म्हणून थांबलो नाही. "जानेवारीत त्याच्या नंबरवरून तुझे दोन फोन आले होते. मी बघितले. घरीच होतो. उचलले नाहीत."

मी तिच्याकडे पाठ करून उभा होतो, आणि वळायची माझी हिंमत नव्हती.

"मी नाही केले फोन," ती म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, भाजीबद्दल बोलावं तसा. "मला कुठं सुचत होतं फोन करायला. ते त्यानं केले. उशीला टेकून बसवलं होतं मी त्याला. धाप लागायची नुसता फोन कानाशी धरला तरी. पहिला वाजून वाजून बंद झाला. मी म्हटलं, पुरे आता, तो काही उचलत नाही, तुला माहितीय. तर म्हणाला, 'नसेना का उचलत. वाजला की त्याला कळतं मी आहे म्हणून.' आणि पुन्हा लावला."

मी पाण्याकडे बघत होतो. ते गुडघ्याच्या वर होतं, रंग फारसा नव्हता, तळ दिसत होता.

"मला राग आहे तुझा, हार्लन," मर्ना म्हणाली. "चांगला भरपूर आहे. पण तो मी नंतर काढीन. फ्रिज न्यायला येशील तेव्हा."

मी निघायला हवं होतं. पाय उचलायचा प्रयत्न मी केला, पण बुटांखाली गोटे होते आणि मला धड दिसत नव्हतं. काठावर सगळे तसेच उभे होते, काठ्या मागे धरून. माझ्यामागे मर्ना उतारावर बसल्याचा आवाज आला, कोरडी पानं दबली. मला वाटलं कोणीतरी म्हणेल, हो बाजूला. त्या रांगेत माझ्या ओळखीचे निदान वीसजण होते आणि त्यांच्यातल्या कोणालाही ते म्हणायचा हक्क होता.

"आठ वाजून चार मिनिटं झाली," ऑरिन म्हणाला. "आता कळलं ना तुला? मग टाक."

"ऑरिन, मी..."

"टाक, हार्लन. माणसं ताटकळलीत."

मी टाकला. गळ खडकाच्या मागे पडला, मग माझ्या दोन्ही बाजूंनी साठच्या साठ पावलांच्या काठावर गळ पडत गेले. माझ्या दाण्यावर मासा लगेच आला, ते मासे येतातच. दोरी ताणली गेली, काठीचं टोक वाकलं. "लागलाय," ऑरिन म्हणाला. "ओढ. अरे ओढ की." दोन्ही हात काठीवर होते आणि मला ओढता येत नव्हतं. मी रडत होतो, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, साठीचा माणूस गुडघाभर पाण्यात. दोरी सैल पडली. मासा दाणा घेऊन गेला होता. सगळे आपापल्या दोरीकडे बघत होते, वरच्या बाजूला कोणाला तरी मासा मिळाला आणि तोही त्यानं आरडाओरडा न करता गुपचूप काढून घेतला. मी रिकामा गळ हातात धरून उभा राहिलो. थोड्या वेळानं ऑरिननं समोरच बघत आपला अळ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. मी त्यातली एक घेतली.